'बाहेरचं' कोठून येतं?

गेल्या आगमनकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर मंडळी देवळाच्या आवारात चहापाण्यासाठी थांबली होती. तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नववीत शिकणाऱ्या एका मुलाच्या पिशवीतून एक चित्रमय पुस्तक काढले आणि सर्वांना दिसेल असे उंच धरले. "बघा, भुताखेतांची अन् शापांची पुस्तकं घेऊन आपली लेकरं धर्मशिक्षणाला येतात! हे जाळून टाकलं पाहिजे," असे ते म्हणाले. कोणी 'हो' म्हणाले, कोणी मान डोलावली. मुलाची आई ओशाळून पदराशी चाळा करीत उभी राहिली. मुलगा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरीत होता. मान डोलावणाऱ्यांत मीही होतो.

जाळण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे, एवढ्यासाठी मी ते पुस्तक मागून घेतले. त्या रात्री वाचले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचले. वाचून झाल्यावर माझी खात्री पटली, की आम्ही भलत्याच वस्तूला काडी लावायला निघालो होतो. जाळून टाकावे असे आमच्या घरांत पुष्कळ आहे. मात्र ते त्या मुलाच्या पिशवीत नव्हते. हे विधान अनेकांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. म्हणूनच ते सविस्तर मांडतो.

पुस्तकाचे नाव 'जुजुत्सु कायसेन झिरो'. जपानी चित्रकथांना 'मांगा' म्हणतात आणि त्या उजवीकडून डावीकडे वाचाव्या लागतात. गेगे अकुतामी या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराने ही कथा २०१७ साली चार प्रकरणांत प्रसिद्ध केली. तिच्या पाठोपाठ २०१८ मध्ये 'जुजुत्सु कायसेन' ही दीर्घ मालिका सुरू झाली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. मूळ चार प्रकरणांवर निघालेला चित्रपट २४ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, जपानात प्रदर्शित झाला. योगायोग असा, की कथेतील अखेरचा संग्रामही २४ डिसेंबरलाच घडतो.

कथा थोडक्यात अशी. युता ओक्कोत्सु नावाचा सोळा वर्षांचा एक भिडस्त मुलगा आहे. लहानपणी रिका नावाच्या मैत्रिणीने त्याला एक अंगठी दिली आणि मोठेपणी लग्न करू, असे दोघांनी एकमेकांना वचन दिले. पुढे रिका रस्त्यावरील अपघातात त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावली. मात्र ती गेली नाही. एक अक्राळविक्राळ पिशाच्च होऊन ती त्याच्या भोवती राहिली आणि त्याला त्रास देणाऱ्यांना भयंकर इजा करू लागली. आपल्यामुळे कोणाचे वाईट होऊ नये म्हणून हा मुलगा जगापासून तोंड लपवू लागतो, जीव देऊ पाहतो. शेवटी शापांचे निवारण शिकविणाऱ्या एका विद्यालयात त्याला प्रवेश मिळतो. शापग्रस्त मुलगाच शाप उतरविणारा होतो. तेथे त्याला मित्र मिळतात, त्या मित्रांसाठी तो लढतो आणि अखेरीस त्याला सत्य कळते. रिकाने त्याला झपाटले नव्हते. तिच्या मृत्यूच्या क्षणी, तिला जाऊ द्यायचे नाही या हट्टापायी, त्यानेच नकळत तिला शापाने बांधून ठेवले होते. हे कळल्यावर तो तिच्यापुढे रडतो, क्षमा मागतो आणि तिला मोकळे करतो. पिशाच्चाचे रूप गळून पडते. पूर्वीची लहानगी रिका त्याचा निरोप घेऊन जाते.

ही गोष्ट वाचताना मला जपान परका वाटला नाही. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आपल्या पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर प्राणाला मुकला आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला संत जपानच्या मातीत रक्त सांडून आला आहे. तेव्हा 'जपानी आहे, म्हणून सैतानी आहे' हा तर्क निदान आपण तरी करू नये. शिवाय मृतांच्या कोपाचे भय आपल्यालाही नवे नाही. या कथेत युताचा पूर्वज म्हणून सुगावारा नो मिचिझाने याचे नाव येते. हा खराखुरा ऐतिहासिक पुरुष होता. दरबारातील हा विद्वान खोट्या आरोपावरून हद्दपार झाला आणि ९०३ साली परागंदा अवस्थेत वारला. नंतर राजधानीवर आपत्ती कोसळू लागल्या. ९३० साली राजवाड्यावर वीज पडली, तेव्हा लोकांनी तो त्याच्या आत्म्याचा कोप मानला आणि त्याला शांत करण्यासाठी देवपद दिले. आज जपानी विद्यार्थी परीक्षेपूर्वी त्याच्या देवस्थानात जातात. निर्दोषाला छळणाऱ्या समाजाचे मन त्याला खात राहते आणि त्या खाणाऱ्या मनालाच तो समाज भूत म्हणतो, असे मला या इतिहासातून दिसते.

आता 'जाळा' म्हणणाऱ्यांचे म्हणणे पाहू. त्यांच्या मनातील काळजी खोटी नाही, हे मी प्रथमच मान्य करतो. पुस्तकात रक्तपात आहे, ओंगळ आकृती आहेत आणि जीव देण्याची भाषा आहे. इंग्रजी आवृत्तीच्या प्रकाशकानेही ते थोड्या मोठ्या किशोरांसाठीच ठेवले आहे. चौथी-पाचवीतल्या मुलाच्या हाती ते पडू नये, हे मलाही मान्य आहे. जादूटोणा आणि मृतांना बोलावणे यांना ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट शब्दांत मनाई करते, हेही खरे. मात्र मंत्रतंत्र शिकविणारे पुस्तक वेगळे आणि शापाविषयीची गोष्ट वेगळी. खुनाची गोष्ट वाचणारा खुनी होत नाही. तसे असते तर काईन-हाबेलाची कथा आपल्या मुलांना कशी सांगितली असती?

त्या दिवशी एका बंधूंनी मला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायाची आठवण करून दिली. इफिस नगरीत नव्याने श्रद्धा स्वीकारलेल्यांनी जादूटोण्याचे ग्रंथ आणून सर्वांसमक्ष जाळले आणि त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली, असे तेथे सांगितले आहे. दाखला बिनतोड वाटतो. पण तो अध्याय नीट वाचावा. त्या लोकांनी शेजाऱ्याच्या मुलाचे पुस्तक जाळले नाही, स्वतःचे ग्रंथ जाळले. आधी पुढे येऊन त्यांनी आपली कृत्ये कबूल केली आणि मगच आग पेटली. आपण मात्र कबुलीजबाब वगळून नुसती आग उचलली आहे. आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याच अध्यायात, त्या आगीच्या अगोदर, स्किवा नावाच्या याजकाच्या सात मुलांची हकीकत आहे. ते गावोगाव हिंडून भुते काढीत असत. अधिकार नसताना ते येशूचे नाव मंत्रासारखे वापरू गेले. तेव्हा त्या भूतग्रस्ताने त्यांच्यावर झडप घालून त्यांना उघडेवाघडे पिटाळून लावले. पुस्तके जाळण्याचे वचन आपल्याला पाठ आहे. हिंडत्या भूतवैद्यांचे वचन मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. का राहत नाही, ते सांगण्यासाठी मला माझ्या घरातील गोष्ट सांगावी लागेल.

आपल्या बीड जिल्ह्यात माणूस अकारण आजारी पडला, झटके येऊ लागले, असंबद्ध बोलू लागला, तर बायाबापड्या हळू आवाजात म्हणतात, "बाहेरचं झालंय." या एका शब्दात सारा निवाडा होऊन जातो. दोष घरात नाही आणि शरीरातही नाही. तो बाहेरून, कोणाच्या तरी नजरेतून, कोणाच्या तरी करणीतून आलेला आहे. एकदा 'बाहेरचं' ठरले, की पुढचा प्रश्न आपोआप येतो : "कोणी केलं?"

मी बारा वर्षांचा होतो. आमची धाकटी आत्या दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर कोयत्यावर जात असे. मुकादमाची उचल घेतली, की साखर कारखान्याच्या परिसरातील कोपीत पाच-सहा महिने मुक्काम ठरलेला. पहाटे दोन-अडीचला उठून थंडीत फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. झोप अशी नव्हतीच. एका हंगामात फडातच तिला पहिला झटका आला. दात आवळले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. हंगाम अर्धा टाकून तिला घरी आणली. महिन्यात पुन्हा दोनदा तसेच झाले. "बाहेरचं" ठरायला मग वेळ लागला नाही.

आम्ही ख्रिस्ती होतो, म्हणून मांत्रिकाकडे जायला घरातल्यांना थोडी लाज वाटली. तरी एका अमावास्येला जाऊन आलेच. गुण आला नाही, तेव्हा प्रार्थना करून भुते काढणारे एक गृहस्थ बोलावले गेले. त्यांच्या गळ्यात क्रूस होता आणि हातात बायबल होते, म्हणून आमची लाज गेली. धर्मगुरूंना मात्र कोणी विचारले नाही. आत्याला दोराने खाटेला बांधले. निखाऱ्यांवर लाल मिरच्या टाकून तिच्या तोंडासमोर धुरी धरली. ते गृहस्थ तिच्या अंगातल्या कथित अपदूताला ओरडून विचारीत होते, "तुला कोणी पाठवलं? नाव सांग!" गुदमरलेल्या आत्याने सुटकेसाठी जे पहिले नाव तोंडी आले ते सांगितले. ते आमच्या शेजारच्या विधवा मावशीचे होते. ती आमच्याच श्रद्धेतली होती. माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच मला हातांवर घेतले होते.

त्या दिवशी धुरीचे घमेले धरणारे हात माझे होते. मोठ्यांनी धरायला सांगितले आणि मी धरले. आत्या माझ्याकडे पाहत होती. मी मान फिरवली.

त्यानंतर मावशीच्या दारचे पाणी कोणी प्यायले नाही. देवळात ती शेवटच्या बाकावर एकटी बसू लागली. तिसऱ्या वर्षी एका धर्मभगिनीने हट्ट धरून आत्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी फेफरे असल्याचे सांगितले आणि रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या चालू झाल्यावर झटके जवळजवळ थांबले. आत्या पुढे पुष्कळ वर्षे जगली, तिने मुलांची लग्ने केली. तिच्या मनगटांवरील दोराचे वळ मात्र अखेरपर्यंत गेले नाहीत. मावशी त्याआधीच गेली. तिची क्षमा कोणी मागितली नाही, मीही नाही.

आज मी या विषयावर जेवढे वाचू शकलो, त्यातून कळते, की झोपेचा अभाव हे झटका येण्याचे एक नेहमीचे निमित्त आहे. फीतकृमीची गाठ मेंदूत झाली, तरी फेफरे येते आणि आपल्या देशात हे कारण दुर्मीळ नाही. झटके रोखणारे फेनोबार्बिटोन हे स्वस्त औषध १९१२ सालापासून वापरात आहे. माझी आत्या जन्माला येण्यापूर्वीच तिच्या आजाराचे औषध जगात उपलब्ध होते. आमच्या घरापासून अंबाजोगाई काही तासांच्या अंतरावर होती. मध्ये आडवे आले ते एकच : "कोणी केलं?"

आणि हे 'कोणी' बहुधा कोण असते, ते आपण सारे जाणतो. विधवा, मूल नसलेली, एकटी राहणारी, शेतीच्या वाट्यावरून भांडण असलेली भावजय, नव्याने घरात आलेली सून. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली उरल्या होत्या. हा आकडा साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत खालचा होता. जेथे मुलगी जन्मण्यापूर्वीच नकोशी ठरते, तेथे बाईला शाप ठरविण्यासाठी कोणत्याही जपानी पुस्तकाची गरज नव्हती.

कोणी म्हणेल, हा लेखक सैतानाचे अस्तित्वच नाकारू पाहतो. मुळीच नाही. प्रभू येशूने अशुद्ध आत्मे घालविले, हे मी शुभवर्तमानात वाचतो आणि मानतो. पण ख्रिस्तसभेने या बाबतीत किती सावधगिरी सांगितली आहे, हे आपण कधी समजून घेतले काय? १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथातही धर्मगुरूला पहिली ताकीद अशी होती, की कोणाला अपदूताने झपाटले आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये आणि आजाराची लक्षणे वेगळी ओळखावीत. १९८३ च्या धर्मसभा-विधिसंहितेतील ११७२ वे कलम सांगते, की स्थानिक महागुरुस्वामींच्या खास आणि स्पष्ट परवानगीवाचून कोणीही हा विधी करू शकत नाही. ती परवानगी केवळ धर्मशील, ज्ञानी, विवेकी आणि निष्कलंक चारित्र्याच्या धर्मगुरूलाच द्यावयाची आहे. २९ सप्टेंबर १९८५ च्या पत्राने रोमने सर्व महागुरुस्वामींना पुन्हा बजावले, की अधिकार नसलेल्यांनी अपदूताला थेट प्रश्न विचारणाऱ्या आणि त्याची ओळख वदवून घेणाऱ्या सभा चालवू नयेत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या विधीत तर वैद्यक आणि मानसशास्त्राच्या तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास सांगितले आहे. आमच्या घरात त्या दिवशी जे घडले, ते या प्रत्येक नियमाच्या विरुद्ध होते. आम्ही मात्र ते 'प्रार्थना' म्हणून खपविले.

परवानगी मिळाली म्हणजे सारे सुरक्षित झाले, असेही नव्हे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातील आनेलीज मिशेल या कॅथलिक विद्यार्थिनीवर १९७५-७६ मध्ये महागुरुस्वामींच्या अनुमतीने दहा महिन्यांत ६७ वेळा हा विधी झाला. तिच्या फेफऱ्याचे निदान पूर्वीच झालेले होते. औषधोपचार मागे पडले, अन्न सुटले आणि १ जुलै १९७६ रोजी ती तेविसाव्या वर्षी उपासमारीने व शरीरातील पाणी संपून मरण पावली. १९७८ साली न्यायालयाने तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविले. आपल्या देशात ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एर्वाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण तेथून पळूही शकले नाहीत. येथे कोणा एका धर्माला बोल लावण्याचा प्रश्नच नाही. माणूस बांधून ठेवण्यात आपण सारे सारखेच पारंगत आहोत.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे या गोष्टी त्यात गुन्हा ठरल्या. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. कायदा येत असताना आपल्यातील काहींना भीती वाटली, की उद्या आपल्या प्रार्थनेवरही बंदी येईल. ती भीती निराधार होती. देवळातील आणि घरातील उपासनेला हा कायदा हात लावीत नाही. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीची खंत वाटते. आमच्या आत्याला बांधणे चूक आहे, हे सांगायला सरकारी कायद्याची वाट का पाहावी लागली? शुभवर्तमान तर आपल्या घरी त्यापूर्वीच होते.

त्या शुभवर्तमानात काय आहे? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी अगदी आपलाच प्रश्न विचारला : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्याला दृष्टी दिली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती अधिक पापी होती हा समज त्याने खोडून काढला आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळविले. थडग्यांमध्ये राहणाऱ्या त्या भूतग्रस्ताला गावकऱ्यांनी साखळदंड घातले होते, येशूने त्याला शुद्धीवर आणून त्याच्या माणसांत घरी परत पाठविले. आणि माणसाला विटाळ बाहेरून आत जाणाऱ्या गोष्टींनी होत नाही, त्याच्या अंतःकरणातून निघणाऱ्या गोष्टींनी होतो, ही शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 'बाहेरचं झालंय' या बोलीला याहून थेट उत्तर कोणते असू शकेल?

'सैतान' या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप करणारा असा आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात त्याला बंधूंवर रात्रंदिवस दोषारोप करणारा म्हटले आहे. मग आमच्या अंगणात त्या दिवशी सैतानाचे काम कोण करीत होते? खाटेला बांधलेली आत्या नव्हे, शेवटच्या बाकावर ढकलली गेलेली मावशीही नव्हे. आरोप करणारे आम्ही होतो.

गोदावरीच्या पलीकडे पैठणला नाथांनी भूत लागण्यावर भारूड रचले आणि सर्वांठायी भरलेल्या परमेश्वरालाच त्यात भूत म्हटले. अंगात यावे तर देव यावा, अशी ती दृष्टी. चारशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गावातील संताला भुताच्या गोष्टीतून भक्ती सांगता आली. आज त्याच वाऱ्याच्या दिशेला राहणारे आपण भुताची गोष्ट दिसताच काडेपेटी शोधतो.

आता पुन्हा त्या जपानी मुलाकडे येऊ. मला हे पुस्तक मोलाचे का वाटले, ते आता उघड होईल. साऱ्या कथेत शाप म्हणजे माणसांच्या भीतीतून, दुःखातून, द्वेषातून साचणारे विष आहे. शाळा आणि इस्पितळे यांसारख्या जागी, जेथे माणसे फार सोसतात, तेथे ते अधिक साचते, असे लेखक सांगतो. आणि अखेरीस नायक 'मला कोणी शाप दिला?' या प्रश्नाचा माग काढीत स्वतःपाशी येऊन थांबतो. शाप त्याचाच होता. ते कळल्यावर तो दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवीत नाही, रडून क्षमा मागतो. पापनिवेदनाच्या संस्काराची तयारी मुलांकडून करवून घेताना आपण आणखी वेगळे काय शिकवतो? चूक कोणाची, हे शोधताना आधी स्वतःकडे पाहा, हेच ना?

त्या मुलाला सोडावे लागते तेही किती अवघड आहे! तो रिकाला द्वेषाने बांधत नाही, प्रेमाने बांधतो. पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत मग्दालिया मरियेने गुरूला ओळखले, तेव्हा त्याने तिला धरून ठेवू दिले नाही. ही तीच मरिया, जिच्यातून सात अपदूत निघाले होते. जिला त्याने बंधनातून सोडविले, तिलाही प्रेमाची मूठ उघडायला त्याने शिकविले आणि बांधवांकडे निरोप घेऊन पाठविले. मृत भाविकांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो त्याचा अर्थही हाच आहे. आपल्या माणसांना आपण देवाच्या हाती सोपवितो, स्वतःपाशी अडकवून ठेवीत नाही.

या पुस्तकात सारे काही आहे, असे मी म्हणत नाही. उणीव मोठी आहे आणि ती मुलांना दाखविली पाहिजे. त्या जगात कृपा नाही. शाप उतरतो तो माणसाच्या सामर्थ्याने, शस्त्राने, वंशपरंपरेने आलेल्या शक्तीने. क्षमा मागितली जाते, पण क्षमा करणारा पिता तेथे नाही. अशुद्ध आत्मा निघून गेल्यावर झाडून लोटून रिकामे ठेवलेल्या घराचा दृष्टांत प्रभूने सांगितला आहे. घर रिकामेच राहिले, तर गेलेला आत्मा आणखी सात सोबती घेऊन परततो. युताचे घर झाडले गेले, पण त्यात राहायला कोण आले, हे ती कथा सांगत नाही. ते सांगण्याची जबाबदारी आईवडिलांची आणि धर्मशिक्षकांची आहे. पुस्तक जाळले, तर हे बोलण्याची संधीच जळून जाईल, आणि मूल तीच कथा फोनवर गुपचूप, आपल्यावाचून पाहील.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. त्या मुलाचे पुस्तक त्याला सर्वांसमक्ष परत द्यावे, कारण ते सर्वांसमक्ष काढून घेतले होते. मोठ्या मुलांच्या वर्गात त्यावर एक रविवार खर्च करावा. पुस्तकावर जी बंदी आपण घालू पाहत होतो, ती दुसरीकडे घालावी. आपल्यापैकी कोणाच्याही घरात परवानगीवाचून भूत काढणाऱ्याला पाऊल टाकू देऊ नये, मग त्याच्या हातात लिंबू असो वा बायबल. झटके, भ्रम, दीर्घ उदासी दिसली, की आधी अंबाजोगाई वा बीडचा दवाखाना गाठावा. मनाच्या आजारासाठी २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांकही आहे. डॉक्टरांबरोबर धर्मगुरूंना बोलवावे. रुग्णांचा अभिषेक हा संस्कार आपल्याजवळ आहे. त्यात आजाऱ्याच्या कपाळाला तेल लागते. त्याला दोर लागत नाही आणि 'कोणी केलं?' असे कोणी विचारीत नाही. आणि ज्यांच्यावर आपल्या घरांनी कधीतरी करणीचा आळ घेतला, त्यांपैकी जे हयात असतील, त्यांच्या दारी जाऊन पाणी मागून प्यावे.

माझ्यासाठी ती वेळ टळून गेली आहे. गेल्या २ नोव्हेंबरला मी मावशीच्या कबरीवर मेणबत्ती लावली. तिच्या क्रुसाभोवती गवत माजले होते, ते काढले. तेव्हा मनात होते ते शब्द नीट सापडले नव्हते. पुढे आगमनकाळात एका नववीतल्या मुलाच्या पुस्तकात ते सापडले : शाप तिने दिला नव्हता, आम्ही दिला होता. ते पुस्तक जाळायला निघालेल्यांत मीही उभा होतो, हे येथे कबूल करतो.